लंकेत कोण गेले होते?

हरवलेला माणूस आणि त्याला शोधायला निघालेला माणूस या दोन्ही भूमिका एकाच नटाने करायच्या, ही गोष्ट नाशिककरांना तशी नवी नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’नंतर आपला चित्रपटांचा संसार नाशिकला हलवला आणि १९१७ मध्ये ‘लंकादहन’ काढला, तेव्हा त्यात राम झाले होते अण्णा साळुंके आणि सीताही झाले होते अण्णा साळुंकेच. चित्रपटात काम करायला बायका तयार होत नसत, आणि मुंबईच्या एका खाणावळीत स्वयंपाकी असलेल्या साळुंक्यांनी त्याआधी ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती करून दाखवलीच होती, त्यामुळे या दुहेरी भूमिकेमागे काही मोठे तत्त्वज्ञान होते असे नव्हे, अडचणीतून काढलेली ती वाट होती. पण पडद्यावर जे उमटले ते मात्र विलक्षण होते. ज्याची बायको पळवली तोही तोच, आणि जी पळवली गेली तीही तोच. अशोकवनात बसून वाट पाहणारा चेहरा आणि समुद्राच्या अलीकडे तिच्यासाठी झुरणारा चेहरा एकच, हे त्या काळच्या प्रेक्षकांना किती जाणवले असेल कोण जाणे, पण मला त्या दुहेरी भूमिकेचा खरा अर्थ लागला तो फार पुढच्या काळातल्या एका ब्रिटिश चित्रपटामुळे.

तो चित्रपट म्हणजे ‘मून’. डंकन जोन्स या दिग्दर्शकाचा हा पहिलाच मोठा चित्रपट २००९ मध्ये आला. सुमारे ५० लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या मानाने अगदी किरकोळ खर्चात, आणि ३३ दिवसांत त्याचे चित्रीकरण इंग्लंडमधल्या शेपर्टन स्टुडिओत उरकले होते. चंद्राची जमीन आणि तिच्यावरून धूळ उडवत जाणारी अजस्र यंत्रे यांसाठी सगळा भार संगणकावर न टाकता छोट्या प्रतिकृती बनवून त्या टिपल्या होत्या, आणि त्यामुळेच की काय, त्या यंत्रांना एक वजन आहे, वापरून मळलेपणा आहे. जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर पडद्यावर एकच नट दिसतो, सॅम रॉकवेल. ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी इथेच थांबून आधी तो पाहावा हे बरे, कारण पुढे मी काहीही राखून ठेवणार नाही.

पृथ्वीची विजेची भूक भागवण्यासाठी एक कंपनी चंद्राच्या पाठच्या, आपल्याला इथून कधीच न दिसणाऱ्या बाजूवर हेलियम-३ गोळा करत असते. हा वायू सूर्याकडून वाहत येणाऱ्या सौरवाऱ्यातून येतो. पृथ्वीभोवती चुंबकीय क्षेत्राचे आणि वातावरणाचे कवच असल्यामुळे तो आपल्या जमिनीपर्यंत पोहोचत नाही, चंद्राच्या उघड्या मातीत मात्र तो अब्जावधी वर्षे मुरत राहिला आहे, आणि तोही किती, तर अब्ज भागांत काही भाग. त्यापासून वीज तयार करण्याइतके अणुसंमीलन अजून कुणाला साधलेले नाही. चित्रपट ते साधले असे धरून चालतो, आणि एवढे एक गृहीत मान्य केले की बाकीचे सगळे त्यातून सरळ निघते: वायू इतका विरळ, म्हणजे माती अमाप चाळावी लागणार, माती चाळायला यंत्रे लागणार, आणि यंत्रे अडली तर पाहायला एक माणूस लागणार. तो माणूस म्हणजे सॅम बेल. तीन वर्षांचा करार, सोबतीला गर्टी नावाचा बोलका यंत्रमानव, आणि पृथ्वीशी थेट संपर्क बंद पडलेला, त्यामुळे बायको टेस आणि लहानगी ईव्ह यांचे फक्त रेकॉर्ड करून पाठवलेले निरोप. चंद्राच्या पाठच्या बाजूवरून पृथ्वीला सरळ रेषेत संदेश जाऊच शकत नाही, मधे उपग्रह लागतोच, तेव्हा उपग्रह बिघडला आहे हे कंपनीचे कारण त्याला पटते आणि आपल्यालाही पटते.

करार संपायला दोन आठवडे उरलेले असताना सॅमच्या गाडीला अपघात होतो. पुढच्या दृश्यात तो तळावरच्या दवाखान्यात जागा होतो, पण काहीतरी खटकत राहते. गर्टी त्याला बाहेर जाऊ देत नाही. तो युक्ती करून बाहेर पडतो, यंत्राखाली अडकलेल्या गाडीपर्यंत पोहोचतो, आणि गाडीत त्याला सापडतो सॅम बेल, अर्धमेला पण जिवंत. म्हणजे जो जागा झाला तो नवा आहे, आणि जो सापडला तो जुना. पुढे कळते की दोघेही प्रतिकृतीच, म्हणजे क्लोनच आहेत. मूळ सॅम बेल केव्हाच पृथ्वीवर परतलेला आहे. तळाच्या पोटात एक लपवलेले दालन आहे आणि त्यात खणाखणांतून शेकडो सॅम झोपवून ठेवलेले आहेत, एक संपला की दुसरा उठवायला. घरी नेणारे म्हणून जे यान दाखवले जाते त्यात निरोप घेऊन झोपी गेलेल्या प्रत्येक सॅमची राख झालेली आहे.

या चित्रपटावर बोलताना बहुतेक लोक ‘प्रतिकृतीलाही माणूस म्हणायचे का’ या प्रश्नाकडे वळतात. मला तो प्रश्न या चित्रपटापुरता फारसा अवघड वाटत नाही. जो रडतो, चिडतो, ज्याचे दात पडतात, ज्याला घरी जायचे आहे, त्याला माणूस म्हणायला आणखी कुठला दाखला हवा? मला अडवतो तो दुसरा प्रश्न. या दोघांचे शरीर एक, स्वभाव एक, आठवणी एक, बायकोचे नाव एक. मग ते दोघे का आहेत? एकच का नाहीत?

याचे उत्तर चित्रपट भाषण देऊन सांगत नाही, टेबल टेनिसच्या एका डावातून सांगतो. जुना सॅम सहज गुण घेत जातो आणि नवा सॅम चेंडू मारता मारता वैतागून जातो. हात तेच, डोळे तेच, चपळाई तर नव्याचीच जास्त असायला हवी, कारण जुन्याचे शरीर एव्हाना ढासळू लागले आहे. तरी जुनाच जिंकतो, कारण त्या निर्जन तळावर तासन्तास खेळून त्याने तो हात कमावलेला आहे, आणि कंपनीने आठवणींचे जे गाठोडे नव्याच्या डोक्यात भरले त्यात हा सराव नाही. तीच गोष्ट लाकडाच्या त्या गावाची. जुन्या सॅमने आपल्या गावाची एक छोटी प्रतिकृती कोरत आणलेली आहे, घरे, चर्च, माणसे. नवा त्याला विचारतो तेव्हा तो म्हणतो की चर्च केल्याचे आठवते, काही माणसे केल्याचे आठवते, पण सगळे आपण केल्याचे आठवत नाही. पाहणाऱ्याला हळूहळू कळते की ते काम त्याच्या आधीच्या कुणीतरी सुरू केलेले होते. ज्या सॅमने पहिली भिंत उभी केली त्याचे नाव, चेहरा, बायको सगळे या सॅमकडे आहे, फक्त ती भिंत उभी करतानाची दुपार याच्याकडे नाही. मला वाटते, माणसाचे आपलेपण त्या दुपारीत आहे. दिलेल्या आठवणी उसन्या असू शकतात, पण झिजणे उसने घेता येत नाही.

प्रतिकृती ही कल्पना आपल्याकडे प्रयोगशाळेतून आली असे आपण समजतो, पण नाशिक जिल्ह्यात ती मैलोन् मैल मांडवावर चढवलेली आहे. थॉमसन सीडलेस हे द्राक्ष बिनबियांचे, म्हणजे त्याला बीपासून स्वतःचा वंश वाढवताच येत नाही. त्याची प्रत्येक वेल कुठल्या तरी जुन्या वेलीच्या काडीतून आलेली, ती काडी त्याहून जुन्या वेलीची, आणि असे मागे मागे जात राहिलो तर दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंतच्या थॉमसनच्या सगळ्या बागा एकाच कुठल्यातरी आदिवेलीचा विस्तार ठरतात. माझे मामा दिंडोरी तालुक्यात बाग करतात. पावसाळा सरता सरता कलमे बांधण्याचे काम त्यांच्याकडे मी जवळून पाहिलेले आहे: आधी लावून वाढवलेला, मुळांपुरता घ्यायचा डॉगरीज जातीचा खुंट आडवा छाटायचा, त्याला मधोमध उभी चीर द्यायची, थॉमसनच्या पिकलेल्या काडीचा दोन डोळ्यांचा, म्हणजे फुटवा येण्याच्या दोन जागांचा, तुकडा खालून पाचरीसारखा तासून त्या चिरेत बसवायचा, एका बाजूने तरी सालीला साल भिडली पाहिजे हे पाहायचे, आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी करकचून गुंडाळायची. कलम बांधणारा कारागीर हे सगळे इतक्या झटकन करतो की चाकू कधी फिरला ते कळत नाही. खाली मुळे एकाची, वर फळ दुसऱ्याचे, आणि दोघांच्या मधे एक गाठ, जी बाग म्हातारी होईपर्यंत दिसत राहते.

‘मून’ नव्याने पाहिला होता, त्या भरात मी मामांना म्हणालो, “मामा, म्हणजे ही सगळी झाडं एकाच झाडाच्या नकला झाल्या की.” त्यांनी पट्टीची गाठ तपासता तपासता मान वर न करता सांगितले, “डोळा त्याचा असंल रे, पण गारपीट हिनं खाल्लीय. नक्कल कशी म्हणायची?”

मामांना चित्रपटातले काही माहीत नव्हते आणि मीही ते सांगायला गेलो नाही, कारण टेबल टेनिसच्या डावातून जे मला सुचले होते तेच ते बोलले होते. पण बागेत याहून एक खोल गोष्ट आहे. कधीतरी एखाद्या वेलीवरच्या एकाच डोळ्यात आपोआप बदल होतो आणि त्या डोळ्यातून फुटलेल्या काडीचे मणी बाकीच्यांहून लांब किंवा वेगळ्या घडणीचे निघतात. शेतकऱ्याची नजर तिथे थांबली आणि त्याने ती काडी वेगळी राखून तिची कलमे केली, तर नवा वाण तयार होतो. तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन हे महाराष्ट्रातले नावाजलेले वाण असेच थॉमसनमधून वेगळे झालेले आहेत, आणि काळ्या मण्यांचा शरद सीडलेस किशमिश चोर्नीमधून. म्हणजे नकलांच्या रांगेतही एखादा डोळा फितूर होतो. त्याची फितुरी कुणाच्या नजरेला पडली तर त्याला नाव मिळते, नाही तर पुढच्या छाटणीत तो कात्रीखाली जातो. सॅम बेलच्या कंपनीला हे परवडणारे नव्हते. म्हणून तिने दोन सॅम कधी समोरासमोर येणारच नाहीत अशी व्यवस्था केली होती.

इथे एक शास्त्रीय बाब सांगितली पाहिजे, कारण चित्रपट पाहून अनेकांचा समज होतो की प्रतिकृतीचे शरीर मुळातच लवकर नासते. स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेत ५ जुलै १९९६ रोजी जन्मलेली डॉली ही मेंढी २७७ प्रयत्नांतून जन्माला आलेली एकुलती एक होती. सहा वर्षांच्या मेंढीच्या पेशीतून ती घडवली होती, तिला संधिवात झाला, आणि फुप्फुसाच्या आजारामुळे फेब्रुवारी २००३ मध्ये तिला मरण द्यावे लागले. त्यावरून ती जन्मतःच म्हातारी होती अशी चर्चा फार झाली. पण डॉलीच्याच पेशींपासून पुढे केलेल्या मेंढ्या नीट वयात आल्या आणि चांगल्या प्रकृतीने म्हाताऱ्या झाल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत गरिमा ही म्हशीची प्रतिकृती ६ जून २००९ रोजी जन्मली, म्हणजे ‘मून’ अमेरिकेच्या चित्रपटगृहांत लागण्याच्या आदल्याच आठवड्यात, आणि २०११ मध्ये हृदय बंद पडून ती गेली. तेव्हा प्रतिकृतींना आजार असतात, अपयश भरपूर असते, पण बरोबर तीन वर्षांनी दात पडून रक्त ओकत मरणे हा काही प्रतिकृतीचा निसर्गनियम नाही. चित्रपटात ते जे होते ते मी कंपनीच्या योजनेचा भाग म्हणूनच वाचतो. कराराची मुदत आणि शरीराची मुदत जुळवून घेतलेली आहे, म्हणजे निवृत्तिवेतनाचा प्रश्नच नको. हे वाक्य लिहिताना मला हसू येते, पण चित्रपट त्यावर हसत नाही.

आता पंचवटी. काळाराम मंदिराच्या बाजूलाच सीतागुंफा आहे, आणि तिच्यात उतरताना बसून, अंग चोरून, एकेका पायरीने खाली सरकावे लागते. मागच्याचे गुडघे पाठीला लागतात आणि पुढचा मधेच थांबला की सगळी रांग अंधारात थांबते. सीतेचे हरण याच परिसरातून झाले असे आपण मानतो. वाल्मीकींनी ते सरळ सांगितले आहे: रावण आला आणि सीतेला घेऊन गेला. पण पुढच्या काळातल्या अध्यात्म रामायणाला हे सोसवले नाही. त्यात राम आधीच सीतेला सांगतो की रावण भिक्षेकऱ्याच्या रूपाने येणार आहे, तेव्हा तू आपल्यासारखी दिसणारी छाया कुटीत ठेव आणि स्वतः वर्षभर अग्नीत गुप्त राहा. लंकेत जी गेली ती छाया. अशोकवनात जी बसली, राक्षसिणींचे बोलणे जिने ऐकले, जिने एकेक दिवस मोजला, ती छाया. शेवटी अग्निपरीक्षेत छाया आत गेली आणि मूळ सीता, कसलाच डाग न लागलेली, बाहेर आली. तुलसीदासांनीही ही कथा घेतली आणि वर सांगितले की हे मर्म लक्ष्मणालासुद्धा माहीत नव्हते.

भक्ताच्या दृष्टीने ही सोय सुंदर आहे. देवीला रावणाचा स्पर्श झालाच नाही. लहानपणी कीर्तनात ऐकली तेव्हा मलाही ती हुशारीची वाटली होती. ‘मून’ पाहिल्यापासून मात्र मी त्या कथेतल्या छायेच्या बाजूला जाऊन बसलो आहे. दुःख कुणी भोगले? ज्या सीतेच्या नावाने सेतू बांधला गेला आणि युद्ध झाले ती त्या काळात अग्नीच्या कुशीत सुरक्षित होती. हनुमानाने मुद्रिका दिली ती छायेच्या हातात. ती पाहून डोळे भरून आले ते छायेचे. राम आपला नवरा आहे ही आठवण तिला मूळ सीतेकडून मिळालेली असेल, उसनी असेल, पण त्या आठवणीच्या आधाराने काढलेले दिवस तिचे स्वतःचे होते, मूळ सीतेचे नव्हते. कथाकाराचे सगळे लक्ष मूळ सीतेच्या पावित्र्यावर आहे, आणि कंपनीचे सगळे लक्ष खर्चावर. हेतू इतके निराळे असूनही दोन्हीकडे हिशेब एकच मांडला जातो की सोसायला एक नक्कल ठेवली म्हणजे कुणी सोसलेच नाही.

म्हणूनच चित्रपटातला तो फोन मला सर्वांत क्रूर वाटतो. जुना सॅम गाडी घेऊन, कंपनीनेच उभारलेल्या, संदेश अडवणाऱ्या मनोऱ्यांच्या पलीकडे जातो आणि घरी फोन लावतो. पडद्यावर पंधरा वर्षांची मुलगी येते. ती ईव्ह आहे. त्याच्या आठवणीतली ईव्ह अजून धड बोलायला लागलेली नाही. तो टेसची चौकशी करतो, तेव्हा ती सांगते की आई काही वर्षांपूर्वीच वारली. मग ती मागे वळून बाबांना हाक मारते, आणि आपल्याला फक्त आवाज ऐकू येतो: सॅम बेलचाच आवाज, त्या घरातल्या, मुलीजवळच्या सॅम बेलचा. मूळ सॅम पडद्यावर येतच नाही. दिग्दर्शकाने त्याला चेहरा दिला असता तर आपण त्याच्यावर रागावलो असतो किंवा त्याला समजून घेतले असते. आवाजापुरता ठेवल्यामुळे तो अग्नीतल्या सीतेसारखा राहतो, जिथे काहीच पोहोचत नाही अशा जागी. जुना सॅम फोन बंद करतो आणि एकट्याने म्हणतो की आता पुरे, मला घरी जायचे आहे. ज्या बायकोच्या आठवणीवर तो तीन वर्षे तगला ती केव्हाच गेलेली होती. जे निरोप तो पुन्हा पुन्हा पाहत होता ते दुसऱ्या कुणासाठी, कितीतरी वर्षांपूर्वी रेकॉर्ड केलेले होते.

ही कथा अंतराळाची असली तरी तिचा कणा मजुरीचा आहे, आणि नाशिकला राहणाऱ्याला तो दिसल्याशिवाय राहत नाही. पेठ आणि सुरगाण्याकडची माणसे द्राक्षाच्या हंगामात खाली दिंडोरी-निफाडकडे कामाला उतरतात, कुटुंबेच्या कुटुंबे बागेतल्या शेडमध्ये राहतात, आणि घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांशी आणि मुलांशी त्यांचे बोलणे फोनला रेंज आली तर होते. त्यांची सॅमशी बरोबरी करून मला त्यांचे दुःख स्वस्त करायचे नाही. एवढेच म्हणायचे आहे की ज्याला काम हवे असते त्याच्या लेखी माणसे एकमेकांच्या जागी चालतात. ही टोळी नाही आली तर ती. सॅमचे सगळे बंड या ‘चालते’ विरुद्ध आहे.

गर्टीबद्दल थोडक्यात. केव्हिन स्पेसीच्या आवाजात बोलणारे हे यंत्र छोट्या पडद्यावर हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांची चित्रे दाखवते, आणि जुन्या चित्रपटांवरून आपल्याला खात्री असते की ते शेवटी दगा देणार. ते देत नाही. सॅमला मदत करणे हेच आपले काम आहे, असे ते मानते, आणि कुठल्या सॅमला, हा भेद ते करत नाही. आपल्याकडच्या नोंदी सापडू नयेत म्हणून स्वतःची स्मृती पुसून घ्यायलाही तेच सुचवते. माणसांनी केलेल्या लबाडीत यंत्र तेवढे सचोटीचे निघावे, हा विनोद मला आवडतो.

या सगळ्याचा भार एका नटाने कसा उचलला ते पाहण्यासारखे आहे. एकाच चौकटीत दोन सॅम दाखवताना रॉकवेलला आधी एकाची बाजू करावी लागे, त्यातला कुठला प्रयत्न ठेवायचा हे ठरल्यावर कपडे आणि रंगभूषा बदलून दुसऱ्याची, आणि समोर खरे तर कुणी नसे किंवा बदली नट उभा असे. आपलेच आधीचे बोलणे कानात ऐकत त्याला उत्तर द्यावे लागे. पण तंत्रापेक्षा मोठे काम त्याने चालीत केले आहे. नवा ताठ, चिडका, स्वतःवर खूश. काळा चष्मा लावून व्यायाम करतो. जुना सैल, बडबड्या, थोडा वेडसर, कुणीतरी बोलायला मिळाले याच आनंदात असलेला. दुसरा माणूस भेटल्यावर जुना आधी हात मिळवायला जातो आणि नवा तो टाळतो, त्यावरून कोण किती दिवस एकटा होता ते कळते. साळुंक्यांना राम आणि सीता वेगळे दाखवायला निदान लुगडे आणि मुकुट यांचा आधार होता. रॉकवेलकडे फक्त थकवा होता.

शेवटी दोघे ठरवतात की एकाने सुटायचे. आधीची योजना निराळीच असते: आणखी एक सॅम उठवायचा आणि तपासाला येणाऱ्या पथकाला अपघातग्रस्त म्हणून दाखवायला त्याला मोडक्या गाडीत ठेवायचा, म्हणजे मरायला. तिसरा उठवलाही जातो. पण आता त्याला मारायला दोघांचाही हात धजत नाही, आणि जुना सॅम, आपले फार दिवस उरलेले नाहीत हे ओळखून, स्वतःच त्या गाडीत परत जाऊन बसतो. नवा हेलियमच्या नळकांड्यात बसून पृथ्वीकडे निघतो. नवा वाचला तो ज्याला मारायला निघाले होते त्याच्यामुळे नव्हे, जो आधीच मरत होता त्याच्यामुळे. चित्रपटाची सगळी माया मला या निवडीत दिसते. जुना सॅम स्वतःलाच वाचवतो असे म्हणावे, तर जो वाचतो तो तो नाही. दुसऱ्यासाठी मरतो असे म्हणावे, तर तो दुसरा त्याच्याच नावाने घरी जाणार आहे. या दोन्ही म्हणण्यांत काहीतरी कमी पडते, आणि मला ते कमी पडणेच बरोबर वाटते.

चित्रपट इथे संपायला हवा होता. पण यान पृथ्वीच्या वातावरणात शिरत असताना बातम्यांचे तुकडे ऐकू येतात: कंपनीवर आरोप, साक्ष, कुणीतरी त्याला वेडा म्हणतो आहे. मला ती जोड फार दिवस खटकत होती. इतक्या संयमाने सांगितलेल्या गोष्टीला शेवटी कोर्टकचेरीची टाचणी कशाला, असे वाटे. पण छायासीतेकडे पुन्हा गेलो तेव्हा दिसले की तिच्याबाबतही लोकांना राहवले नव्हते. अध्यात्म रामायणात ती अग्नीत गेली ती गेलीच. नंतरच्या ब्रह्मवैवर्त पुराणात आणि देवीभागवतात मात्र ती अग्नीतून बाहेर येते आणि विचारते की आता मी काय करू, मला जागा कुठली? तिला पुष्करला तप करायला सांगितले जाते. तप करून ती शंकराकडे पती मागते, उतावीळपणे पाच वेळा मागते, आणि द्रौपदी होऊन जन्माला येते. कुणा कथेकऱ्याला त्या सावलीला नुसते विझू द्यायचे नव्हते, म्हणून त्याने तिला पुढचा जन्म, पाच नवरे आणि भर सभेत प्रश्न विचारणारे तोंड दिले. डंकन जोन्सनेही तेच केले आहे. २०१८ मध्ये त्याने त्याच काल्पनिक जगात घडणारा ‘म्यूट’ काढला, आणि त्यात सॅम रॉकवेल पुन्हा दिसतो, मुख्य कथेशी काही संबंध नसलेला, मागच्या टीव्हीवर चाललेल्या बातम्यांत: खटल्यात आपली बाजू मांडणारा सॅम बेल, आणि त्याच्या आसपास बसलेले आणखी सॅम बेल.